सोपानरावांची निरगाठ

ओतूरच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून गाठोडं घेऊन आले, वडिलांनी त्याचं दुकान केलं आणि मी त्या दुकानातल्या गादीवर बसून आयुष्यभर लोकांच्या बायका आणि नवरे पाहिले. साडी घ्यायला आलेलं जोडपं पायरी चढतानाच मला कळतं, खिसा कुणाचा आहे आणि मर्जी कुणाची चालणार आहे. पण एवढं बघूनही मी कधी त्याचं शास्त्र केलं नाही. उगाच गिऱ्हाईक तुटतं.

शास्त्र केलं ते सोपानअण्णांनी. अण्णा मंडपवाले. आमच्या दुकानामागच्या आळीत त्यांचं घर, घरापुढे बांबूंचा ढीग, पडवीत काथ्याचे गुंडाळे आणि कनातींच्या घड्या. मंडपाचं पांढरं कापड आणि लाल झालर आमच्याकडूनच जायची. ओतूरपासून खाली आंबेगाव तालुक्यातल्या पारगावापर्यंत त्यांचा मांडव पडलेला नाही असं गाव नसेल. पडला म्हणजे उभा राहिला. खरोखरचा पडला तो फक्त एकदा, आणि त्याला अण्णांच्या मते वारा जबाबदार होता.

अण्णांचं म्हणणं असं, की जगात माणसं तीनच प्रकारची. "शेठ, एक सुरगाठ, एक निरगाठ आन् एक गुंता. सुरगाठीचं टोक वढलं का सुटली. निरगाठ वढावी तितकी आवळत जाती. आन् गुंता म्हंजे गुंता. त्याला लग्नाला उभा करू न्हाई, निवडणुकीला उभा करावा."

हे ते शिडीच्या टोकावरून सांगायचे. अण्णा जमिनीवर असले की साधारण माणूस, शिडीवर चढले की त्यांना कंठ फुटायचा. खाली हळद चाललेली असो, मानपान चाललेले असोत, वरून त्यांचा आवाज यायचा. आणि लग्न लागलं की त्यांचा खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. नवरा-नवरी एकमेकांना घास भरवत असले की अण्णा पंगतीच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. नवरीनं घास पुरा घेतला की अर्धा चावून ठेवला, नवऱ्यानं हात झटकन मागं घेतला की तसाच धरला, हे बघून त्यांचा निकाल तयार. मग जेवणानंतर पान लावत ते आचारी, बँडवाले आणि माझ्यासारखे आहेराला आलेले व्यापारी यांना तो ऐकवायचे.

"नवरा निर हाय, नवरी सुर हाय. टिकल." किंवा "दोगं बी निर. दोर कापावा लागंल." दोन सुरगाठी एकत्र आल्या तर मांडव पहिल्या वाऱ्याला जातो, दोन निरगाठी आल्या तर सोडवता सोडवता बोटं जातात, म्हणून एक सुर आणि एक निर असावी, हा त्यांचा सिद्धांत होता.

सिद्धांत नामी होता. फक्त तो खरा ठरायचा नाही. पिंपळवंडीच्या एका लग्नात अण्णांनी "दिवाळी बघत न्हाई हे जोडपं" असं सांगितलं. ते जोडपं अजून दर दिवाळीला माझ्या दुकानात येतं आणि एकमेकांसाठी कापड निवडताना असं लाडात येतं की इतर गिऱ्हाईक संकोचून बाहेर उभं राहतं. दुसऱ्या एका जोडप्याला त्यांनी "लक्ष्मीनारायण" म्हणून नावाजलं. त्यातली लक्ष्मी श्रावणात माहेरी आली ती परत गेलीच नाही. मी अण्णांना त्याबद्दल छेडलं तर ते जराही बिचकले नाहीत. म्हणाले, "गाठ बराबर व्हती शेठ. दोर कुजका निघाला."

अशा माणसाला हरवायचं कसं? माझंही निदान त्यांनी केलं होतं. माझ्या लग्नात जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं, "आमचे शेठ म्हंजे सुरगाठ. कुनी बी यावं, टोक वढावं." मला राग आला. पण शेजारी बसलेली माझी एक दिवसाची बायको इतक्या मनापासून मान हलवत होती की मी गप्प राहिलो. तेव्हापासून मी गप्पच आहे.

घरोघरीच्या गाठी तपासणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात होत्या शेवंतावहिनी. बुटक्या, गव्हाळ, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या. त्या अण्णांसमोर फारसं बोलायच्या नाहीत. बोलायला जागाच नसायची हे खरं कारण, पण अण्णांनी त्यांना लग्नाच्या पहिल्याच महिन्यात निरगाठ ठरवून टाकलं होतं. नुसतं ठरवलं असतं तरी हरकत नव्हती. अण्णांचा तो ठेवणीतला विनोद झाला होता. कुठल्याही मांडवात, कुठल्याही पंगतीत, "आमची मंडळी म्हंजे निरगाठ. दातानं सोडवा, सुटायची न्हाई. मी बोलून मोकळा व्हतो, ती मनात आवळून ठेवती. म्हनून तर टिकलं." लोक हसायचे. वहिनी समोर असल्या तर खाली मान घालून ताट पुसायच्या.

त्याच वहिनी दुपारी आमच्या माजघरात आईजवळ बसल्या की काय बोलायच्या! मी आतल्या दाराशी जेवायला बसलेला असायचो. गावातल्या सगळ्या सासवांच्या नकला, डॉक्टरांची चाल, भाजीवालीचं हेंगाडं बोलणं, आणि अण्णांची नक्कल तर अशी की आई डोळ्याला पदर लावून हसायची. मला कधी कधी वाटायचं, अण्णांना हे सांगावं. पण नवऱ्याला त्याच्या बायकोची ओळख शेजाऱ्यानं करून द्यायची, हे बरं दिसत नाही. ओतूरसारख्या गावात तर अजिबातच दिसत नाही.

मग गावात केबल टीव्ही आला त्या वर्षी ते प्रकरण घडलं.

वैशाखात पारगावला वहिनींच्या भाचीचं लग्न होतं. मांडव अर्थातच अण्णांचा. लग्नानंतर बायकांनी नाव घ्यायला सुरुवात केली. एकेकीचा उखाणा होत होत पाळी वहिनींवर आली. आता या उखाण्याची तयारी वहिनींनी आठवडाभर आमच्या आईसमोर केली होती. आजवर त्यांनी कुणी आग्रह केला की "महादेवाच्या पिंडीला बेल वाहते वाकून" इतपत काही तरी पुटपुटून वेळ निभावली होती. या वेळी माहेरचं लग्न होतं, चार माणसांत उभं राहून स्वतः रचलेलं नाव घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. नवी साडी माझ्याच दुकानातली, पोपटी. बायकांनी "शेवंताक्का, नाव, शेवंताक्का, नाव" असा गलका केला, वहिनी उठून उभ्या राहिल्या, पदर सावरला, तोंड उघडलं.

आणि अण्णा शिडीवर होते. झालर सुटली होती ती ते बांधत होते. तिथून ते ओरडले, "आवं तिला कशाला तरास देता? ती निरगाठ हाय, ती काय बोलायची न्हाई. म्होरलीला घ्या."

मांडव हसला. पाळी पुढच्या बाईकडे गेली. वहिनी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि खाली बसल्या. त्या बसल्या तेव्हापासून त्यांनी अण्णांशी अबोला धरला.

इथपर्यंत ही कुठल्याही घरातली गोष्ट आहे. पुढची फक्त अण्णांच्याच घरात होऊ शकते. बायकोनं अबोला धरलाय, हे अण्णांच्या लक्षातच आलं नाही.

येणार कसं? निरगाठ बोलत नाही, हे त्यांचं ठाम मत. घरात शांतता आहे म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. वहिनी बादली आपटायच्या, अण्णा म्हणायचे, "पानी तापलं वाटतं." ताटात भाकरी पडायची, "आणखी वाढू का" हा प्रश्न यायचा नाही, अण्णा हात लांब करून स्वतः घ्यायचे. निरोप असला तर वहिनी तो मांजराला सांगायच्या, "मने, तुझ्या मालकाला म्हणावं रॉकेल संपलंय." अण्णा रॉकेल घेऊन यायचे. "आमची मंडळी आताशा मांजरीचा लई लाड करती," असं त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. मुलगी संगीता तेव्हा शाळेत होती, ती "आई म्हणती असं" आणि "आई म्हणती तसं" करत फिरायची, तर "पोरगी बोलकी निघाली, माझ्यावर गेली," म्हणून अण्णा खूश होते.

सगळ्या आळीला ठाऊक, एकट्या अण्णांना नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. गौरी-गणपतीत अण्णा दुकानात झालर न्यायला आले तेव्हा आईला राहवलं नाही. ती आतून बाहेर आली आणि म्हणाली, "सोपानराव, शेवंता तुमच्याशी बोलत नाही."

"ती कवा बोलती?" अण्णा म्हणाले.

"तसं नाही. वैशाखापासून बोललेली नाही. अबोला आहे."

अण्णा हसायला लागले. मग हसता हसता त्यांनी वैशाखापासूनचा हिशेब मनात लावला असावा, कारण हसू मध्येच थांबलं. झालर तशीच ठेवून ते गादीच्या कडेला बसले. "का?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "ते तुम्हाला कळलं पाहिजे," आणि आत निघून गेली. सगळ्या बायका अशा वेळी हेच म्हणतात आणि सगळे नवरे तेव्हा असाच चेहरा करतात. माझ्याकडेही तो चेहरा आहे.

त्या दिवशी मी अण्णांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. "शेठ, घरात बाई हाय, सैपाक करती, पोरगी सांभाळती, आन् मला तिनं टाकलंय हे मला ठावंच न्हाई," असं ते हळू आवाजात म्हणाले. शिडी नसताना ते इतकं खरं बोलतील असं मला वाटलं नव्हतं.

पण सवय जाते का? कारण शोधायचं तर त्यांनी तेही शास्त्रानं शोधायचं ठरवलं. निरगाठीला राग कशाचा येतो? साडीचा, असं उत्तर निघालं. "निरगाठीला कसला रंग चालतो?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, वहिनींना पोपटी आवडतो. ते म्हणाले, "छ्या, निरगाठीला गडद." कॉफी रंगाची साडी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ती साडी त्यांच्या अंगणात कनातींच्या गठ्ठ्यावर पावसासाठी झाकण म्हणून पसरलेली दिसली.

मग त्यांनी माफी मागायचं ठरवलं. कशाची ते ठाऊक नसल्यानं मनाला जे सर्वांत जास्त टोचत होतं त्याची मागितली. चुलीसमोर उकिडवं बसून ते म्हणाले, "शेळीचं तेवढं माझं चुकलं."

ही शेळी वहिनींची लाडकी. आदल्या वर्षी ती नाहीशी झाली. अण्णांनी सांगितलं, बिबट्यानं नेली. आमच्याकडे उसात बिबटे आहेत, त्यामुळे कुणी शंका घेत नाही. वहिनी तेव्हा रडल्या होत्या, संगीताला महिनोन्महिने उसाच्या बाजूला जाऊ दिलं नव्हतं, संध्याकाळी दार लावून बसत होत्या. वास्तविक अण्णांनी शेळी आठवडे बाजारात विकून लाऊडस्पीकरचा नवा कर्णा घेतला होता. हे वहिनींना माहीतच नव्हतं. आता माहीत झालं.

त्या संध्याकाळी वहिनी मांजराशीसुद्धा बोलल्या नाहीत.

"च्यायला, भलतंच टोक वढलं," अण्णा मला म्हणाले. मी तोंडावर कापडाचा तागा धरून हसलो. व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाच्या दुःखात हसण्याची ही एक सोय असते.

शेवटी त्यांनी देवाला मध्ये घातलं. संकष्टीला वहिनींना घेऊन ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गेले. एसटीत गर्दी होती, अण्णा पुढे उभे, वहिनी मागे बायकांत. आणि मागून हसण्याचा आवाज यायला लागला. कुणी तरी बाई शिडीवर चढून झालर बांधणाऱ्या माणसाची नक्कल करत होती आणि आजूबाजूच्या बायका हसून बेजार झाल्या होत्या. अण्णांनी वळून बघितलं. ती त्यांची बायको होती. त्यांनी बघितल्याबरोबर ती थांबली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

हे मला सांगताना अण्णा बराच वेळ कापडावरून हात फिरवत राहिले. "शेठ, लई ग्वाड हसती वो ती," ते म्हणाले. "मी आलो का बंद व्हती." मला त्यांची दया आली. सगळ्या तालुक्याची नाडी बघणाऱ्या वैद्याला घरातलं माणूस परकं निघावं, यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्या वेळी मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, मग ती निरगाठ कशी?" तर त्यांनी विचार करून उत्तर दिलं, "मोकळ्या हवेत निरगाठ बी जरा सैल व्हती." तेव्हा मात्र मला त्यांच्या डोक्यात बांबू घालावासा वाटला.

कारण अखेर सांगितलं संगीतानं. "आईच्या तोंडातला उखाणा तुमी घालवला," ती एवढंच म्हणाली. अण्णांना तो प्रसंगच आठवेना. आठवला तेव्हा ते म्हणाले, "ती गंमत व्हती." पण त्या दिवसानंतर त्यांनी निरगाठीचा विनोद कुठंही सांगितला नाही. विनोद बंद झाला तरी अबोला सुटला नाही. माफी मागायला गेले तर वहिनी परसात निघून जायच्या. शेळीनं काम अवघड करून ठेवलं होतं.

मग आईनं सूत्रं हातात घेतली. संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू असायचं. आईनं अण्णांना बोलावून सांगितलं, परसात माजघराच्या खिडकीबाहेर छत बांधायचंय. दुपारच्या उन्हाचा त्रास होतो. जानेवारीत कसलं ऊन! पण अण्णांनी विचारलं नाही. बायका जमल्या तेव्हा अण्णा खिडकीबाहेर स्टुलावर होते आणि स्टूल मी धरलं होतं. हळदीकुंकवाला पुरुषांनी फिरकायचं नसतं, म्हणून आम्ही दोघं चोरासारखे उभे होतो.

आत नाव घेण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आईचा आवाज आला, "शेवंता, आता तू. आणि आज मध्ये कुणी बोलणार नाही." अण्णांनी अर्धी गाठ तशीच सोडली. मग वहिनींचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत.

"मांडवाला मेढी आठ, मेढी-मेढीला पक्की गाठ, सोपानराव म्हणत्यात निरगाठ..."

स्वतःचं नाव ऐकल्यावर अण्णा खिडकीकडे झुकले. स्टूल मी धरलं होतं, अण्णांना कोण धरणार? ते स्टुलावरून, बांबूसकट, परसातल्या घासलेल्या भांड्यांच्या पाटीवर कोसळले. एवढा आवाज झाला की उखाण्याचा शेवट त्यात बुडाला. आत मात्र बायकांनी तो ऐकला होता, कारण हसण्याचा असा कल्लोळ उठला की त्यांना बाहेर कुणी पडलंय हे कळायलाच वेळ लागला.

पहिल्यांदा बाहेर आल्या वहिनी. अण्णा भांड्यांत आडवे, मनगट वाकडं झालेलं. वहिनी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "हात बघू."

वैशाखापासूनचे हे पहिले दोन शब्द. अण्णांनी हात पाठीमागे लपवला. "हात मरू दे. श्येवटाला काय म्हनलीस?"

"ते म्हणून झालं," वहिनी म्हणाल्या. "उखाणा काय दोनदा घेत्यात? हात बघू म्हणते ना."

मनगट मोडलं होतं. नारायणगावला नेऊन प्लास्टर घातलं. अबोला सुटला, पण उखाण्याचं शेपूट वहिनींनी सांगितलं नाही ते नाहीच. गावातल्या यच्चयावत बायकांना ते पाठ होतं. "टोक वढलं तर सुरगाठ." आईनं मलाही सांगितलं, आणि अण्णांना सांगशील तर जेवायला वाढणार नाही असा दमही दिला. "त्यांचं त्यांना कळू दे," असं तिचं म्हणणं होतं.

अण्णांना कळणं अवघड होतं. ते दुकानात बसून यमक जुळवायचे. "फिरवत्यात पाठ, असं आसंल का शेठ?" मी नाही म्हणायचो. "पान्याचा माठ?" नाही. "भांडायला ताठ?" तेही नाही. "साडीचा काठ?" गावातल्या पोरासोरांनाही सुचावा असा शब्द, अण्णांनी तो जन्मभर दिवसातून दहा वेळा उच्चारलेला, पण तो त्यांच्या मनाला शिवेना. कारण सुरगाठ म्हणजे ते स्वतः आणि मी. वहिनी त्या खात्यात बसूच शकत नव्हत्या.

मनगट बरं झालं, पण पहिल्यासारखं जोरात वळेना. काथ्या आवळता येईना. गडी होते, पण गड्यांनी बांधलेल्या गाठीवर अण्णांचा विश्वास नव्हता. एक दिवस वहिनी काष्टा खोचून शिडीवर चढल्या. गावानं आधी तोंडं वेडीवाकडी केली, सोपानरावांच्या मांडवावर बाई चढली म्हणून चर्चा झाली, नव्याचे नऊ दिवस गेले आणि लोकांना सवय झाली. अण्णा खालून हुकूम सोडायचे, "निरगाठ मार, निरगाठ. सुरगाठीचा मांडव वाऱ्यानं जातो." वहिनी वरून "व्हय" म्हणायच्या.

त्यानंतरची कितीतरी वर्षं ती दोघं जोडीनं मांडव घालत फिरली. आता वर वहिनी आणि खाली अण्णा होते. त्यांचं बोलणंही तसंच उलटं झालं. शिडीवरून वहिनी बोलायच्या, काय बोलायच्या! आचाऱ्याला टोमणे, बँडवाल्याच्या नकला, आणि अण्णा खाली शिडी धरून हसायचे. कुणी त्यांना नव्या जोडप्याचा निकाल विचारला तर म्हणायचे, "थांबा, घाई कशाला? वीस वर्सांनी सांगतो." एक बदल मला दुकानदार म्हणून जाणवला. पूर्वी अण्णा मांडव उतरवताना सगळ्या गाठी कोयत्यानं कापायचे, निरगाठ दुसरी कशी सोडवणार? काथ्याचे तुकडे वहिनी भांडी घासायला वापरायच्या. आता तोच काथ्या वर्षानुवर्षं पुरत होता. अण्णा म्हणायचे, "आताशा काथ्याच मजबूत यायला लागलाय शेठ." मनगट मोडल्यापासून मांडव उतरताना ते कधीच जवळ नसायचे. ते तेव्हा पान लावत बसलेले.

मग टोमॅटोला भाव आला, लोकांच्या हातात मोबाइल आले आणि रस्त्याच्या कडेला मंगल कार्यालयं उभी राहिली. लोखंडी खांब, नटबोल्ट, खुर्च्यांना सॅटिनचे बो. अण्णा एकदा आत जाऊन बोल्टाला हात लावून आले. "ह्यात मानूस कसं कळनार?" एवढंच म्हणाले. कामं कमी झाली. संगीताचं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यामुलाकडच्यांनीही कार्यालयाचाच आग्रह धरला. संगीतानं बापाला दोन गोष्टी सांगितल्या. मांडव आपलाच घाला. आणि नवऱ्यामुलाची गाठ बघू नका. अण्णांनी दोन्ही ऐकल्या. घास भरवण्याच्या वेळी ते मुद्दाम पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभे राहिले होते. मी बघितलं.

तो त्यांचा शेवटचा मांडव. घरामागच्या वावरात, आठ मेढींचा. पाठवणी झाली, वऱ्हाडाची गाडी गेली, गडी जेवायला बसले. रिकाम्या मांडवात अण्णा इकडून तिकडे फिरत होते. मुलगी गेलेल्या माणसाला हाताला काही तरी काम लागतं. त्यांनी कोयता घेतला आणि पहिल्या मेढीपाशी गेले. मी निघायचं म्हणून रामराम करायला आलो होतो. वहिनी कनातीची घडी घालत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "अवो, कापू नका. टोक वढा."

"निरगाठीचं टोक वढून काय व्हतंय? आवळंल."

"वढा तर खरं."

अण्णांनी ओढलं. गाठ सुटली. काथ्याचा लांबच्या लांब तुकडा त्यांच्या हातात आला आणि बांबू खांद्यावर. त्यांनी तो खाली ठेवला आणि दुसऱ्या मेढीपाशी गेले. तीही सुटली. मग ते मेढीमागून मेढीला जाऊन टोकं ओढत गेले, वरचं पांढरं कापड एकेका कोपऱ्यानं खाली येत गेलं. आणि सातवी सुटल्यावर, हातात काथ्या धरून, ते थांबले. त्यांचे ओठ हलत होते. मेढी आठ, पक्की गाठ, म्हणत्यात निरगाठ.

"टोक वढलं तर..." ते म्हणाले आणि वहिनींकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्यादेखत, आयुष्यात पहिल्यांदा, बायकोला नावानं हाक मारली. "शेवंता."

वहिनींनी घडी छातीशी धरली.

"एवडी वर्सं सगळे मांडव सुरगाठीवर उभे व्हते?"

"व्हय."

"पडलं कसं न्हाईत?"

"सुटायचं नसलं तर सुरगाठ बी धरती," वहिनी म्हणाल्या.

मी उगाच बांबू मोजल्यासारखं केलं. अण्णांनी माझ्याकडे वळून विचारलं, "शेठ, तुमास्नी म्हाईत व्हतं?" मी खरं ते सांगितलं, की सगळ्या गावाला माहीत होतं. त्यावर ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते नुसते शेवटच्या मेढीपाशी गेले आणि तिला हात लावून उभे राहिले. एवढीच एक मेढ आता उभी होती, कापडाचा एक कोपरा तिच्यावर अडकलेला.

"ही ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "ही गाठ न्हाई सोडायची."

"सांजच्याला म्हशी यित्यात इथनं, धडकतील," म्हणत वहिनी पुढे आल्या, त्यांनी टोक ओढलं आणि बांबू अण्णांच्या खांद्यावर दिला.